चिंबोरी चालली घरी

दर्शना, आधी भांडण पुरं करू. रडायचं मग बघू.

तुझ्या तेराव्याला मी आले होते. दांडीच्या कोळीवाड्यात, तुमच्या त्या ओट्याच्या आतल्या खोलीत, भिंतीला पाठ लावून बसले होते. तुझ्या आत्या, शेजारणी, आपल्या कंपनीच्या लॅबमधल्या दोघीतिघी, सगळ्या एकमेकींना तेच सांगत होत्या. पोर किती गुणी, किती सोसलं, पण कुनाला कलू दिलं नाय. हे शेवटचं तर असं म्हणत होत्या की त्याबद्दल तुला आता बक्षीसच मिळणार आहे. मला उठून ओरडावंसं वाटत होतं, की बायांनो, हा गुण नाही, हा दगा आहे. आठ महिने ही बाई माझ्याशेजारी बसून डबा खात होती, पोटात गाठ घेऊन, आणि मला सांगत होती की ॲसिडिटी आहे. कुणीतरी हातात चहा दिला, तो प्यायले.

तू मला खेळ शिकवलेस आणि स्वतः असला रडीचा डाव खेळलीस, याचा राग आहे मला.

आठवतं का, आपली ओळख कशी झाली ते? कुंभवलीच्या बाजूला आपली कंपनी, तिथे सेफ्टीचा आठवडा होता. पोस्टर काढायला सांगितलं होतं. सगळ्यांनी आगीचे बंब आणि हातमोजे काढले. तू हेल्मेट घातलेली खेकडी काढलीस आणि खाली लिहिलंस, "आडवे चाला, पण हेल्मेट घाला." मॅनेजर पोस्टरसमोर उभे राहून म्हणाले, "ये क्या है? सेफ्टी में केकड़ा कहाँ से आया?" तू शांतपणे म्हणालीस, "सर, दांडी से." पोस्टर केराच्या डब्यात गेलं. मी जेवायच्या सुट्टीत ते हळूच काढून आणलं. माझ्या कपाटाच्या दारावर आतून ते अजून आहे. आता कपाट उघडायचीही चोरी झाली आहे.

मी जळगावकडची. वडील इथे कारखान्यात लागले म्हणून बोईसरला वाढले, पण समुद्राकडे कधी नीट बघितलं नव्हतं. तू मला "घाटीण" म्हणायचीस. जळगावला जाताना आधी घाट लागतो खरा, पण आम्ही घाटी नाही, हे मी तुला शंभरदा सांगितलं. तू म्हणायचीस, "समुद्र दिसत नाय ना गावातून? मग घाटीण."

आणि मग ते तुझे खेळ. कँटीनमध्ये तू मला फोनवर एक खेळ दिलास. एक मोजा आपल्या हरवलेल्या जोडीदाराला शोधत घरभर फिरतो. बादलीतून उडी मार, इस्त्रीला चकवा दे, कपाटातल्या नाफ्थलीनच्या गोळीशी कोड्यात बोल. मोजा फार वात्रट होता. मी चार दिवस हसत खेळले. पाचव्या दिवशी जोडीदार सापडला, आणि तेव्हा कळलं की ज्या मुलाचे ते मोजे होते ते मूल दवाखान्यातून परत आलंच नव्हतं, आणि घरातलं कोणी ते कपाट उघडत नव्हतं. मी ताटावर बसून घळाघळा रडले. एका मोज्यासाठी! कँटीनवाले काका म्हणाले, "आमटी एवढी तिखट झाली काय?" आणि तू समोर बसून गालात हसत होतीस. मी म्हणाले, ही फसवणूक आहे, आधी हसवायचं आणि मग पायाखालची सतरंजी ओढायची. तू म्हणालीस, "सरळ सांगितलं असतं तर खेळली असतीस का?"

नसते खेळले. हेही तेव्हा तुला सांगितलं नव्हतं, आता सांगते.

तुला तसाच एक खेळ करायचा होता. चित्रं तू काढणार, कोडिंग मी करणार, जे मी व्हिडिओ बघून बघून शिकत होते. खेळाचं नाव तूच ठेवलंस: "चिंबोरी चालली घरी." एक चिंबोरी, तुझ्या पोस्टरवरची तीच खेकडी, डोक्यावर पिंपाचं गंजलेलं झाकण हेल्मेटसारखं घातलेलं. तिला सरळ चालता येत नाही. समोरच्या दारात शिरायचं तर आधी अंग वळवायचं, मग आडवं चालायचं, आणि बोट चुकलं की ती खेळणाऱ्यालाच शिव्या घालायची. वाळत टांगलेल्या बोंबलांचं भजनी मंडळ होतं, ते उलटं टांगलेलं असल्याने सगळ्या प्रश्नांची उत्तरं उलटी द्यायचं. एक मांजर जकात घ्यायची. आणि चिंबोरीचं काम काय? समुद्रात बुडालेल्या एका माणसाच्या वस्तू एकेक करून त्याच्या घरी आणून द्यायच्या. टोपी. बॅटरी. चहाचा थर्मास. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाईल. सगळ्या वस्तू आल्या की माणूसही येईल, असं त्या येड्या चिंबोरीला वाटत असतं.

हे तुझ्या बाबांचं होतं, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. अकरा वर्षांपूर्वी त्यांची होडी सापडली, ते सापडले नाहीत. आणि तेव्हापासून मावशी, म्हणजे तुझी आई, रोज भरतीच्या वेळेला ओट्यावर एक ताट वाढून झाकून ठेवते, हेही तू मला बोंबलांच्या गमती सांगाव्यात तशा सुरात सांगितलं होतंस. भरतीची वेळ रोज पुढे सरकते म्हणून ताटाचीही सरकते. "आमच्या आळीत घड्याल नाय लागत," तू म्हणालीस, "आईचं ताट बघून पानी कलतं."

ती पाण्याची वेळ खेळात हवीच, असा तुझा हट्ट. फोनमध्ये जी वेळ आणि जो दिवस, तीच खेळातल्या समुद्राची. पाणी भरलं की होड्या आत येतात, चिंबोरीला त्यांच्यावर चढता येतं. ओहोटीला नुसता चिखल. हिशोब तू सांगितलास, तिथीला पाऊणपट. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणून तीन वाजता भरती. मी म्हणाले, सोपं आहे. आणि कोड लिहिताना मी तिथीच्या जागी सरळ तारीख घातली. घरात आमचं सगळं तारखेवर चालायचं, पगार, शिफ्ट, सुट्टी. तिथी फक्त उपासापुरती माहीत.

आपण तो फोन मावशीच्या हातात दिला तो दिवस मला मरेपर्यंत आठवेल. तिने आयुष्यात खेळ म्हणून फोन धरला नव्हता. दुपारचे पावणेचार वाजत आले होते. तारीख होती नऊ, म्हणून माझा समुद्र पावणेसातला भरणार होता. मावशी बराच वेळ त्या चिखलाकडे बघत बसली. मग म्हणाली, "ह्यो समुद्र कुनाचा गो? आज पंचमी. पावनेचारला पानी भरतं. इतं तर चिखल हाय. मानसं येनार कशी घरी?"

तू हसून हसून ओट्यावर लोळलीस. मी लाजेने मेले. पण मावशी हसली नाही. तिला खरंच काळजी वाटली होती. ते मी तेव्हा बघितलं, आणि तू माझ्या आधी बघितलंस.

एका स्पर्धेला आपण तो खेळ पाठवला होता. तिथल्या एका शहाण्याने व्हिडिओ कॉलवर सांगितलं की खेकडा मस्त आहे, मांजर मस्त आहे, पण हे बुडालेल्या माणसाचं काढून टाका, लोक विरंगुळ्याला येतात, मरण कशाला? तू त्याला म्हणालीस, "सर, तुमच्या घरात कोन मेलं नाय का अजून?" त्याने कॉल बंद केला. तेव्हा मला तुझा केवढा अभिमान वाटला होता. आणि परवा आपल्याच लॅबमधली एकजण मला म्हणाली, "सोड गं, खेळच ना शेवटी?" तिला उत्तर द्यायला तू हवी होतीस. मला नुसती शिवी सुचली, आणि तीही वेळेवर नाही.

आता केळव्याचं. तेच तर बोलायचं आहे.

रविवार होता. सुरूच्या झाडांखाली मुंबईची माणसं, घोडे, भेळ, सगळा बाजार भरलेला. तू शहाळं घेऊन बसलीस, भज्यांना हात लावला नाहीस. मला वाटलं डाएट चालू आहे. मी चिडवलंसुद्धा. शेवटच्या प्रसंगाची चित्रं तू पूर्ण करून आणली होतीस. सगळ्या वस्तू घरी पोचल्या आहेत. ओट्यावर ताट. समुद्र भरतो, होड्या येतात, त्याची येत नाही. पाणी ओसरतं. खेळणाऱ्याने कितीही काही दाबलं तरी काही घडत नाही. एकच गोष्ट करता येते, ताट उचलून आत न्यायचं. मग दार लागतं, चिंबोरी डोक्यावरचं झाकण काढून ठेवते आणि झोपते. संपलं.

मी म्हणाले, हे चालणार नाही. माणसाने चार तास घालून सगळं गोळा करायचं आणि हाती काय, तर ताट? खेळाने शब्द दिलेला असतो, दर्शना. मी म्हणाले, लांब समुद्रात एक दिवा दाखवू. येतोय की नाही ते कळू नये.

"म्हणजे आईनं आनकी अकरा वर्सं बसायचं?"

"लोक फोन फेकून देतील."

"फेकू दे. फोन नवा मिलतो." मग तू शहाळं खाली ठेवलंस. "वैशे, तुला ना, परत्येक कुलपाला चावी लागते. काही कुलपं नुसती असतात. बघायची नि घरी जायचं."

आणि मी काय म्हणाले? तुला आठवत असेलच, तू काही विसरत नाहीस. मी म्हणाले, "हे हरलेल्या माणसाचं बोलणं आहे."

तू समुद्राकडे बघून म्हणालीस, "हां. हरलेच समज."

मला वाटलं मी जिंकले! अगं, मला खरंच वाटलं की वाद संपला आणि दिवा ठरला. तुझ्या पर्समध्ये तेव्हा रिपोर्ट होते. तू मुंबईला "ट्रेनिंग"ला जात होतीस ते कुठल्या ट्रेनिंगला, हे मला आता कळतं. तू तुझ्या मरणाबद्दल भांडत होतीस आणि मला चिंबोरीबद्दल भांडू दिलंस. याला काय म्हणायचं? दोघांपैकी एकालाच माहीत असतं की डाव कशावर लागलाय, त्याला खेळ म्हणतात का?

त्यानंतर मी फुगून बसले. तू रजेवर गेलीस, मी विचारलंही नाही. एक मेसेज आला तुझा: "चिंबोरीचे डोळे मोठे केलेत, बघ." मी बघितला. निळ्या खुणा उमटल्या असतील तुझ्याकडे. उत्तर दिलं नाही. म्हटलं, दोन दिवस तडफडू दे हिला. एकोणिसाव्या दिवशी फोन आला तो मावशीचा.

मावशीलाही शेवटच्या बारा दिवसांतच कळलं होतं. ती म्हणाली, मी विचारलं होतं पोरीला, वैशीला सांगू का. तर तू म्हणालीस, "नको. ती यादी करील."

केली असती! तीन रकान्यांची केली असती. डॉक्टर, दवाखाने, कुणाच्या मामाला कोणत्या औषधाने गुण आला, सगळं. तुला पकडून पकडून नेलं असतं. काही उपयोग झाला नसता, तेही मान्य. पण माझं तेवढं धावणं तू माझ्याकडून काढून घेतलंस. लोक मैत्रिणीसाठी धावतात आणि हरतात. मला तू धावूच दिलं नाहीस, नुसतं हरवलंस. आणि केळव्याचं ते माझं वाक्य माझ्याकडेच ठेवून गेलीस. ते मी आता कुणाला परत करू?

तू गेल्यावर मी तुझ्या सगळ्या फाइली उघडल्या. म्हटलं, ही बाई कोड्यात बोलणारी, कुठेतरी माझ्यासाठी काही ठेवलं असेल. बोंबलाच्या पोटात चिठ्ठी, मांजरीच्या गळ्यात काही. चित्रांचे थर एकेक करून सोडवले. काही नाही. "ताट_फायनल", "ताट_फायनल_खरंच", "डोळे_मोठे". बस. तू काही ठेवलं नाहीस. मेली, एक ओळ लिहिता आली नाही तुला?

तेराव्याला सगळे गेल्यावर मी निघत होते. चपला घालताना ओट्यावर नजर गेली. भरतीची वेळ होती. ताट झाकून ठेवलेलं होतं.

दोन होती.

मी तिथेच खाली बसले. आणि मला तेव्हा सगळं कळलं, तुझी ती घाई, तो हट्ट, मला सोडून दिलेला तो वाद. हजार लोकांसाठी नव्हताच तो खेळ. स्पर्धेसाठी नव्हता, माझ्यासाठी तर नव्हताच. एकाच बाईने तो खेळायचा होता. आणि तू असताना खेळायचा होता, म्हणजे तुझं ताट कधी मांडलंच गेलं नसतं. तो शेवट मी अडवून धरला होता. समुद्रात माझा दिवा हवा म्हणून.

मावशी मागून आली. म्हणाली, "दर्शू बोलायची, शेवटचं तू अडवलंस. झालं की मला दाव."

दोन आठवडे मी रोज कंपनीतून आले की तेच केलं. दात-ओठ खात केलं. तुझ्या चित्रांना कोडमध्ये बसवताना मोठ्याने तुझ्याशी भांडत होते, शेवटी माझ्या आईने येऊन कपाळाला हात लावून बघितला. तू सांगितलंस तसंच केलं. दिवा नाही. काही दाबून काही घडत नाही. फक्त ताट.

काल घेऊन गेले. चतुर्थी होती, म्हणजे तीनला भरती. या वेळी तिथी नीट घातली होती. मावशी सकाळी साडेदहालाच बसली, मधे फक्त ताटं वाढायला उठली. फोन मांडीवर, चष्मा नाकावर. बोंबलांना तिने झापलं, मांजरीला जकात दिली, चिंबोरीला "आडवी मर की गो" म्हणून ढकललं. मग तो शेवटचा प्रसंग आला. बाहेर खरं पाणी भरत होतं, आत खोटं. खेळात होड्या आल्या. एक, दोन, तीन. मावशीने प्रत्येक होडीवर बोट ठेवून पाहिलं. चौथी आली नाही. तीन वाजून गेले. मी तिला काही सांगितलं नाही, काय करायचं ते. पाणी उतरायला लागलं, खेळातलं चांगलं वीतभर खाली गेलं, तरी ती बघत होती. साडेतीनच्या पुढे केव्हातरी ती म्हणाली, "ह्या पान्याला नाय आला. आता नाय येत."

आणि तिने बोटाने ते ताट उचललं आणि आत नेलं. दार लागलं. चिंबोरी झोपली.

मला वाटलं आता रडेल. ती फोन माझ्या हातात देऊन उठली आणि ओट्यावर गेली. झाकण काढलं, तुझ्या बाबांचं ताट दोन्ही हातांनी उचललं आणि आत आणलं. अकरा वर्षांनी, दर्शना. माझ्यासमोर ठेवलं. "जेव," म्हणाली, "थंड झालंय, पन जेव." भात होता, बोंबलाचं कालवण होतं. मी जेवले. ताट पुसून सगळं जेवले.

मग मी बाहेर बघितलं. दुसरं ताट तिथेच होतं. मी मावशीकडे बघितलं, तर ती माझ्याकडे बघत नव्हती.

"ते राहू दे," ती म्हणाली. "तिचं राहू दे अजून."

तुझा शेवट बरोबर होता, हे घे, कबूल करते. अर्धा डाव तू जिंकलीस. उरलेल्या अर्ध्याचं काय करायचं ते मला माहीत नाही, आणि या वेळी मी यादी करत नाहीये. दर रविवारी जाईन, मावशीबरोबर बसेन, एवढंच ठरवलं आहे. माझा राग अजून गेलेला नाही. जाईल असं वाटतही नाही, आणि तू त्याची घाई करू नकोस.

निघताना तुझ्या ताटावरचं झाकण सरकलं होतं. मी ते नीट बसवलं आणि वर दगड ठेवला. ओट्यावर हल्ली कावळे फार येतात.